आपलंच विमान, आपलंच क्षेपणास्त्र : कुवेतच्या वाळवंटातलं एक मिनिट

23 मार्च 2003. इराक युद्धाचा चौथा दिवस उजाडायचा होता. ब्रिटिश हवाई दलाचं एक टॉर्नेडो जीआर-4ए विमान कामगिरी उरकून कुवेतमधल्या अली अल सालेम तळाकडे परतत होतं. उतरायची वेळ झाली म्हणून त्याने उंची कमी करायला सुरुवात केली होती. तळाजवळ तैनात असलेल्या अमेरिकी पॅट्रियट बॅटरीने, म्हणजे हवाई संरक्षणाच्या क्षेपणास्त्र तुकडीने, ते टिपलं आणि क्षेपणास्त्र सोडलं. विमानातले दोघेही गेले.

ब्रिटिश चौकशी मंडळाने या घटनेचे निष्कर्ष मे 2004 मध्ये जाहीर केले. अमेरिकी संरक्षण खात्याला सल्ला देणाऱ्या डिफेन्स सायन्स बोर्डाचा पॅट्रियटवरचा अहवाल जानेवारी 2005 मध्ये आला. पुढचं लिखाण बहुतांशी या दोहोंवर उभं आहे. विमानातल्या दोघांची, बॅटरीतल्या सैनिकांची नावं मुद्दाम गाळली आहेत. कारण त्या रात्री त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं असतं, तरी बहुधा हेच घडलं असतं असं माझं मत आहे. ते का, हेच सांगायचं आहे.

पार्श्वभूमी

पॅट्रियट मुळात विमानं पाडण्यासाठी बांधलेली यंत्रणा. 1991 च्या आखाती युद्धात तिला इराकच्या स्कड क्षेपणास्त्रांच्या मागे लावलं गेलं. त्या युद्धातली एक घटना हवाई संरक्षणवाल्यांच्या मनात कायमची कोरली गेली. 25 फेब्रुवारी 1991 ला सौदी अरेबियातल्या धाहरान इथे एक स्कड थेट अमेरिकी बराकीवर पडलं आणि 28 सैनिक ठार झाले. तिथली पॅट्रियट बॅटरी सुमारे 100 तास सलग चालू होती. संगणकाच्या घड्याळात साचत गेलेली चूक तोवर सेकंदाच्या साधारण एक-तृतीयांश इतकी झाली होती. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. रडारने चुकीच्या जागी पाहिलं आणि लक्ष्य सापडलंच नाही. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं दुसऱ्या दिवशी.

म्हणजे 2003 मध्ये कुवेतच्या सीमेवर बसलेल्या प्रत्येक पॅट्रियट तुकडीच्या पाठीशी ही जुनी जखम होती : आपण गोळी झाडली नाही तर काय होतं, ते 28 शवपेट्यांनी शिकवलं होतं. नको तेव्हा झाडली तर काय होतं, हे पॅट्रियटवाल्यांना शिकवणारी तशी घटना अजून घडायची होती. शिवाय भीती काल्पनिक नव्हती. 20 मार्चपासून इराकी क्षेपणास्त्रं खरोखरच कुवेतवर येत होती आणि पॅट्रियट ती पाडतही होती.

बॅटरी म्हणजे काय ते नजरेसमोर आणलं तर पुढचं समजायला सोपं जाईल. ट्रकवर चढवलेली एक बंद पेटी, हा नियंत्रण कक्ष. आत दोन कन्सोल. एकापुढे अधिकारी, दुसऱ्यापुढे त्याचा सहायक, आणि संपर्काची यंत्रं सांभाळणारा तिसरा. खिडकी नाही. बाहेर सपाट तोंडाचं रडार, जे गोल फिरत नाही, एका दिशेला तोंड करून उभं असतं. क्षेपणास्त्रं सोडणारे लाँचर आणखी लांब, तिथे माणूसच नाही. गोळीबाराच्या वेळी माणसं फक्त त्या पेटीत. त्यांना आकाश दिसत नाही, पडद्यावरची खूण दिसते. आणि ती खूण कसली, हे आधी यंत्र ठरवतं.

अडचण नेमकी कुठे होती

यंत्राने त्या रात्री टॉर्नेडोला 'विमान' म्हटलंच नाही. त्याने ठरवलं की हे रडारभेदी क्षेपणास्त्र आहे, म्हणजे रडारच्याच लहरींचा माग काढत येऊन रडारवर आदळणारं अस्त्र. उतरण्यासाठी खाली येणारं, तळाच्या म्हणजे ओघानेच बॅटरीच्या दिशेने झेपावणारं विमान त्या व्याख्येत चपखल बसलं. कारण व्याख्याच ऐसपैस होती. जगभरात जी जी रडारभेदी क्षेपणास्त्रं होती, त्या सगळ्यांना सामावून घेईल अशा बेताने संगणकातले निकष ठरवले होते. इराककडून अशा अस्त्राचा नेमका धोका किती आणि कोणता, याचा विचार करून ते आवळले नव्हते. चौकशी मंडळाने यावर स्पष्ट बोट ठेवलं.

आता जरा थांबून साधा प्रश्न विचारावासा वाटतो. रडारभेदी क्षेपणास्त्र बहुतेक करून विमानातून सोडतात. त्या संपूर्ण युद्धात इराकी हवाई दलाने एकही लढाऊ उड्डाण केलं नाही. मग ते क्षेपणास्त्र आलं असतं कुठून? अर्थात हे आज घरी बसून म्हणणं सोपं आहे. चौथ्या दिवशी पहाटे, इराकी विमानं उडणारच नाहीत असं छातीठोकपणे सांगणारा कोणी नव्हता.

दुसरी अडचण ओळखीची. लढाऊ विमानात एक यंत्र असतं. जमिनीवरून विचारलं की 'मी आपला' असं सांकेतिक उत्तर ते आपोआप देतं. याला आयएफएफ म्हणतात. बॅटरीने विचारलं, उत्तर आलं नाही. चौकशीत दिसलं की जमिनीवर, इंजिन सुरू होण्याआधी, त्या विमानाचं यंत्र तपासलं गेलं होतं. पण इंजिन सुरू झाल्यानंतर ते चालू होतं याचा एकही पुरावा मिळाला नाही. ते अशा रीतीनेही बंद पडू शकत होतं की कॉकपिटमध्ये त्याचा इशाराच मिळू नये. विमानातले दोघं बहुधा या समजुतीत होते की आपण ओरडून ओळख सांगतो आहोत. प्रत्यक्षात ते मुके होते.

बॅटरीकडेही अर्धाच कान होता. आयएफएफचे दोन प्रकार इथे लागू होते, एक सांकेतिक सुरक्षा असलेला आणि एक साधा. साध्या प्रकाराचे संकेत बॅटरीत भरलेलेच नव्हते. आणि ते न भरण्यामागचं कारण तिसऱ्या अडचणीत आहे : या बॅटरीची संपर्क यंत्रणा अजून अमेरिकेहून वाटेत होती. बटालियनच्या मुख्यालयाशी तिचा थेट आवाजी किंवा माहितीचा धागाच नव्हता. काही कळवायचं तर शेजारच्या बॅटरीमार्फत रेडिओवरून. इतर रडारांना काय दिसतंय, हवाई वाहतूक सांभाळणाऱ्यांना कोणतं विमान परतताना माहीत आहे, यातलं काही या पेटीत पोचत नव्हतं. 'एकात्मिक हवाई संरक्षण' हे शब्द कागदावर असतात. त्या रात्री ही बॅटरी एकटीच होती.

रेंजवर काय शिकवलं होतं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि चर्चेत नेहमी तोच घाईने उरकला जातो.

त्या काळी अमेरिकी पॅट्रियट तुकड्या टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिसला तयार होत. प्रत्यक्ष डागणं व्हायचं ते राज्याची हद्द ओलांडली की लागणाऱ्या न्यू मेक्सिकोतल्या मॅकग्रेगर रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर. यंत्रणेच्या चाचण्या शेजारच्या व्हाइट सँड्स या चाचणी-मैदानावर. रेंज हा प्रकारच असा की गोळीबाराच्या दिवशी सुरक्षिततेसाठी आकाश रिकामं करतात. त्या रिकाम्या आकाशात जे एक लक्ष्य सोडलं जातं ते पाडायचं असतं. तिथे पडद्यावर खूण उमटली याचा अर्थ एकच. शंका घेणारा तिथे मंद ठरतो.

युद्धात हे प्रमाण नेमकं उलटं झालं. डिफेन्स सायन्स बोर्डाने आकडे मांडले आहेत : मित्रराष्ट्रांच्या विमानांची उड्डाणं सुमारे 41,000 आणि पॅट्रियटने अडवलेली शत्रूची क्षेपणास्त्रं 9. म्हणजे पडद्यावर एक खरा शत्रू येईस्तोवर सुमारे साडेचार हजार वेळा आपलंच विमान येऊन जाणार. ज्या यंत्रणेला आणि ज्या माणसांना 'येईल तो शत्रू' या गृहीतावर घडवलं, त्यांना अशा आकाशाखाली बसवलं.

ब्रिटिश चौकशी मंडळाचा शेरा याच्याशी जुळतो. तुकडी प्रशिक्षित होती, पण प्रशिक्षणाचा भर सर्वसाधारण धोके ओळखण्यावर होता. इराकमधला विशिष्ट धोका कोणता, किंवा यंत्राने दिलेला इशारा खोटा आहे हे कसं ओळखायचं, यावर तो नव्हता. बोर्डाने आणखी म्हटलं की यंत्रणा चालवायची पद्धत बरीचशी स्वयंचलित होती आणि चालवणाऱ्यांना सॉफ्टवेअरवर विश्वास टाकायलाच शिकवलं होतं.

मी रासायनिक कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये अनेक वर्षं रात्रपाळ्या काढल्या आहेत. तिथेही नव्या पोराला सिम्युलेटरवर बसवतात तेव्हा प्रत्येक अलार्म खरा असतो. खोटा अलार्म दाखवण्यात कोणाला वेळ घालवायचा नसतो. मग पाळीवर आला की पहिल्याच आठवड्यात त्याला कळतं की दहातले नऊ खोटे. तो एक तर सगळ्यांवर धावतो, नाही तर सगळे दाबून टाकतो. आमच्याकडे चुकलं तर प्लांट बंद पडतो आणि सकाळी साहेब ओरडतात. कुवेतमध्ये पहिल्याच फटक्यात दोन माणसं गेली.

त्या मिनिटातले पर्याय

निर्णयाला तुकडीकडे साधारण एक मिनिट होतं. पर्याय कागदावर मोजले तर चार निघतात.

पहिला, डागणं. यंत्र म्हणतंय रडारभेदी क्षेपणास्त्र, ओळखीला उत्तर नाही, दिशा आपल्याकडेच. गोळीबाराच्या नियमांप्रमाणे अशा अस्त्रापासून स्वसंरक्षण करायला वरून परवानगी लागत नव्हती.

दुसरा, थांबणं. चौकशी मंडळाचं मत असं की तुकडीने जरा उशीर केला असता तर विमानाचा मार्ग बदलला असता आणि यंत्राने बहुधा त्याचं वर्गीकरणही बदललं असतं. पण थांबण्याची किंमत, खूण खरी असेल तर, स्वतःचा जीव. पेटीतल्या माणसांना जे क्षेपणास्त्र दिसत होतं ते त्यांच्यावरच येत होतं.

तिसरा, विचारणं. शेजारच्या बॅटरीला, तिच्यामार्फत बटालियनला, तिथून हवाई नियंत्रणाला, आणि उत्तर त्याच वाटेने परत. एका मिनिटात हे होणार नव्हतं.

चौथा, रडार गप्प करणं. लहरीच थांबल्या की त्यांचा माग काढणारं अस्त्र आंधळं होतं, हे या क्षेत्रातलं जुनं शहाणपण. पण तेवढा वेळ तळावरचं छत्रही मिटणार, आणि इराकी क्षेपणास्त्रं कधीही येत होती.

या चारांत तुकडीने पहिला निवडला. चौकशी मंडळानेही मान्य केलं की समोर होती त्या माहितीवर आणि हाती होते त्या नियमांप्रमाणे सगळे निकष पूर्ण झाल्यावरच त्यांनी डागलं. माझ्या मते खरे निर्णय त्या मिनिटाच्या बरेच आधी झाले होते. संपर्क यंत्रणा पोचलेली नसताना बॅटरी कामाला लावायची की नाही, हा एक. लावायची ठरल्यावर तिला इतर बॅटऱ्यांइतकीच मोकळीक द्यायची का, हा दुसरा. पहिल्यात 'हो' म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं, क्षेपणास्त्रं पडायला लागली होती. दुसऱ्या प्रश्नावर मात्र कोणी पुरेसं थांबल्याचं दिसत नाही. मंडळाच्या शब्दांचा आशय असा : आपल्या विमानाला चुकून रडारभेदी क्षेपणास्त्र ठरवून स्वसंरक्षणात पाडणं, हे रोखण्याइतके नियम भक्कम नव्हते.

पुढे काय केलं गेलं

लगेच दुसऱ्या दिवशी, 24 मार्चला, उलटा प्रकार घडला. नजफच्या दक्षिणेला अमेरिकेच्या एका एफ-16 मध्ये इशारा वाजला की जमिनीवरचं क्षेपणास्त्र रडार आपल्यावर रोखलं गेलंय. वैमानिकाने रडारभेदी क्षेपणास्त्र सोडलं आणि ते पॅट्रियटच्याच रडारवर जाऊन आदळलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही. आदल्या रात्री जे अस्त्र आल्याचा भास झाला होता, ते दुसऱ्या दिवशी खरंच आलं, आणि तेही घरचंच.

टॉर्नेडोच्या घटनेनंतर तुकड्यांना आवर घातला गेला : लाँचर स्टँडबायवर ठेवायचे, म्हणजे यंत्रणेने ठरवलं तरी क्षेपणास्त्र आपोआप सुटणार नाही. वाचायला हा ठीक उपाय वाटतो. 2 एप्रिलला पडद्यावर एक खूण उमटली. यंत्राने तिला जमिनीवरून जमिनीवर मारा करणारं क्षेपणास्त्र ठरवलं. वरून हुकूम आला, लाँचर 'रेडी' करा. म्हणजे तयारीत राहा, एवढाच त्याचा हेतू. पण यंत्रणा ऑटो-फायरवर, म्हणजे आपोआप डागण्याच्या स्थितीत होती. लाँचर 'रेडी' होताच क्षेपणास्त्रं सुटली. 'डागा' असं कोणीच म्हटलं नव्हतं. करबलाजवळ अमेरिकी नौदलाचं एफ-18 हॉर्नेट पडलं आणि त्याचा वैमानिक गेला.

या दुसऱ्या घटनेतला धडा पहिल्याहून बोचरा आहे. पहिल्यावर काढलेला तोडगा म्हणजे वाटेत एक फाटक उभं केलं होतं. फाटक उघडलं की पलीकडे काय धावत सुटणार आहे, हे फाटक उघडणाऱ्याला ठाऊक नव्हतं. यंत्रणेची नेमकी स्थिती काय आहे हे सर्वांना एकाच वेळी कळणारी सोय नव्हती, आणि रेंजवर तशी वेळ कधी आणलीही नव्हती.

निष्पत्ती

आकड्यांत पाहिलं तर पॅट्रियटने त्या युद्धात आपलं मूळ काम चोख केलं. ज्या 9 क्षेपणास्त्रांना अडवायला गेली, त्यांतल्या आठांच्या बाबतीत बोर्डाने निश्चित यशाची, नवव्याच्या बाबतीत बहुधा यशाची नोंद केली. त्याच 2003 च्या मार्चमध्ये, 29 तारखेला, समुद्राला धरून खालून आलेलं एक इराकी क्रूझ क्षेपणास्त्र मात्र कोणाच्या लक्षात न येता कुवेत शहरातल्या किनाऱ्यावरच्या मॉलपाशी पडलं. म्हणजे एकाच महिन्यात, एकाच छत्राखाली, नको ते पाडलं गेलं आणि हवं ते निसटलं.

बोर्डाने तीन उणिवा सांगितल्या : आयएफएफ भरवशाचं नाही, बॅटरीला आजूबाजूच्या आकाशाचं चित्र मिळत नाही, आणि चालवण्याच्या पद्धतीत माणसाला पुरेसा वाव नाही. यातल्या पहिल्या उणिवेबद्दल अहवालात वैताग लपलेला नाही. आयएफएफची ही कमजोरी अनेक सरावांमध्ये आधीच दिसली होती, तरी ती कायमची दुरुस्त करण्याइतका जोर कधीच कसा लावला गेला नाही, याचं बोर्डाला कोडं पडलं. म्हणजे रेंजने सांगितलं होतं. ऐकलं कोणी नाही.

तुटलेल्या धाग्यांवर अमेरिकी लष्कराचं उत्तर म्हणजे आयबीसीएस ही नवी आज्ञा-प्रणाली. कोणतंही रडार, कोणताही लाँचर, सगळ्यांचं मिळून एकच चित्र, अशी तिची कल्पना. 2020 च्या ऑगस्टमध्ये व्हाइट सँड्सवर तिच्या चाचणीत दोन क्रूझ लक्ष्यं जवळजवळ एकाच वेळी पाडली गेली. प्रगती नक्कीच आहे.

पण अशा घटना संपलेल्या नाहीत. 8 जानेवारी 2020 ला तेहरानजवळ इराणी हवाई संरक्षण तुकडीने युक्रेनचं प्रवासी विमान पाडलं, 176 जण गेले; तिथेही तुकडीचा वरिष्ठांशी संपर्क झाला नव्हता. 22 डिसेंबर 2024 ला तांबड्या समुद्रात अमेरिकेच्या एका क्रूझर युद्धनौकेने आपल्याच विमानवाहू जहाजाचं एफ-18 पाडलं. दोघे वैमानिक बचावले. आणि आपल्याकडे 27 फेब्रुवारी 2019 ला काश्मीरमधल्या बडगामला वायुसेनेचं एमआय-17 व्ही-5 हेलिकॉप्टर. आतले सहा वायुसैनिक गेले आणि जमिनीवरचा एक नागरिक. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं आणि ती मोठी चूक होती, हे हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये उघडपणे मान्य केलं. त्या दुःखाचं एक टोक नाशिकपर्यंत आलं होतं; गेलेल्यांतला एक जण नाशिकचा होता.

वेगळं काय करता आलं असतं

संपर्काविना बॅटरी उभी करावी लागली, इथवर माझी तक्रार नाही. पण आंधळ्याच्या हातात काठी देताना निदान ती कोणावर उगारायची नाही हे बजावता आलं असतं. ज्या बॅटरीला बाहेरचं चित्र मिळत नाही तिला फक्त जमिनीवरून येणाऱ्या क्षेपणास्त्रांवर डागायची मुभा, रडारभेदी वर्गाला हात लावायचा नाही, असा तात्पुरता नियम लावता आला असता. त्यात जोखीम होती. खरंच तसं अस्त्र आलं असतं तर तुकडी गेली असती. ही जोखीम कोणी मुद्दाम पत्करायची की नाही, हा प्रश्न वर बसलेल्यांनी सोडवायचा होता. तो न सोडवता पेटीतल्या तिघांकडे गेला.

विमानाच्या बाजूनेही एक सोपी गोष्ट राहिली. उड्डाणानंतर आयएफएफ बोलतंय की नाही, हे कोणाला तरी हवेत विचारून खात्री करून घेणं. आपण बोलतो आहोत हे आपल्याला कळतं. समोरच्याला ऐकू येतंय का, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि रेंज. आपल्याकडे लष्कराच्या हवाई संरक्षणाचं मुख्य प्रशिक्षण ओडिशात गोपाळपूरला चालतं, समुद्रकिनारी. तिथली प्रशिक्षण संस्था एकेकाळी नाशिकजवळच्या देवळालीच्या तोफखाना स्कूलचा भाग होती, त्यामुळे आपल्या भागातल्या अनेक घरांत हे विषय जेवणाच्या पाटावर बोलले जातात. अशा गोळीबाराच्या दिवसाची तयारी आठवडेच्या आठवडे चालते. लक्ष्य महाग, क्षेपणास्त्र त्याहून महाग, पाहायला वरिष्ठ हजर. अशा दिवशी मुद्दाम एक आपलं विमान, ओळख यंत्र बंद ठेवून, वेगाने खाली उतरवायचं, आणि ज्या तुकडीने ते जाऊ दिलं तिला पूर्ण गुण द्यायचे. खरी क्षेपणास्त्रं अर्थात कुलूपबंद ठेवून, नुसत्या पडद्यावर. एकदा नव्हे, दहातून नऊ वेळा हेच. एवढी तयारी करून तुकडी दिवसभर काहीही न डागता बसून राहिली, तर संध्याकाळी तिची पाठ थोपटायला पुढे येणारा अधिकारी कुठे सापडतो ते आधी पाहायला हवं.